‘थोर मोगलाचें’ जपानी चिलखत : वस्तूवरील चिठ्ठीची चिकित्सा

कागदाची परीक्षा कशी करावी हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सनद हातीं आली कीं आपण प्रथम कागद पाहतों, मग अक्षराचें वळण, शिक्का, मोर्तब, मायना, सन व मित्ति यांचा मेळ पाहतों. आणि एवढें जमल्यावरच मजकुराकडे वळतों. मजकूर कितीहि आवडीचा असला तरी मोर्तब चुकलें असेल तर सनद बाजूस ठेवितों. परंतु तोच चिकित्सक गृहस्थ शस्त्रांच्या दालनांत गेला म्हणजे पेटीवरील चिठ्ठी वाचतो, वस्तूकडे एकवार पाहतो आणि पुढें जातो. चिठ्ठी हाहि एक कागदच आहे. तीहि कोणीतरी, केव्हांतरी, कांहीं समजुतीनें लिहिलेली असते, ही गोष्ट त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. या उणिवेचा परिणाम काय होतो हें दाखविणारें एक ठळक उदाहरण लंडनच्या टॉवरमधील जपानी चिलखताचें आहे. तें प्रथमदर्शनीं आमच्याकडील संग्राहकांस परकें वाटेल; परंतु त्यापासून निघणारा विचार प्रतापगडच्या वाघनखांस लागू पडतो आणि गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरीच्या खिंडीसहि लागू पडतो. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचें ‘क्लोव्ह’ नांवाचें जहाज कप्तान जॉन सॅरिस याच्या हाताखालीं इ. स. १६१३ च्या जून महिन्यांत जपानांतील हिरादो बंदरास लागलें. तेथें आधींपासून राहत असलेला विल्यम ॲडम्स हा इंग्रज खलाशी त्याचा मध्यस्थ झाला. सॅरिस प्रथम वृद्ध तोकुगावा इएयासु यास सुंपु येथें भेटला. नंतर त्याचा पुत्र व गादीवरील शोगुन हिदेतादा यास एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथें भेटला. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याजसाठीं हिदेतादानें दोन चिलखतें नजराणा म्हणून दिलीं. नारा येथील इवाई योझाएमोन या नामांकित कारागिराच्या हातचें हें काम होय. सॅरिस १६१४ सालीं मायदेशीं परतला. त्याचा वृत्तांत सॅम्युएल पर्चस यानें १६२५ सालीं लंडन येथें छापिलेल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहांत आला. त्यांत राजासाठीं मिळालेलीं दोन रोगणी चिलखतें आणि खुद्द सॅरिस यास मिळालेली एक लांब व एक आंखूड तलवार यांचा उल्लेख आहे. म्हणजे नजराणा कोणीं दिला, कोणास दिला आणि केव्हां दिला, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर छापील ग्रंथांत होतें. आणि तो ग्रंथ ज्या शहरांत छापला गेला त्याच शहरांत राजाचा शिलेखाना होता.

असें असतांहि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत टॉवरमधील शिलेखान्याच्या नोंदींत हा नजराणा ‘थोर मोगला’कडून, म्हणजे हिंदुस्थानच्या मोगल बादशहाकडून, आलेला म्हणून दाखल झाला. एकदां नोंद झाली कीं पुढील कारकून मागील कारकुनाची नक्कल करतो. तसेंच येथें झालें. जपानच्या शोगुनाचें चिलखत पिढ्यान् पिढ्या दिल्लीच्या बादशहाचें म्हणून दाखविलें गेलें.

आतां वस्तु स्वतः काय सांगत होती तें पाहूं. जपानी चिलखत, विशेषतः या नजराण्यांतील जुन्या ‘डोमारू’ पद्धतीचें, लहान लहान पट्ट्यांचें बनलेलें असतें. या पट्ट्या लोखंडाच्या किंवा कच्च्या कातड्याच्या असून त्यांवर दमट हवेपासून रक्षण व्हावें म्हणून लाखेच्या जातीच्या रोगणाचे थर दिलेले असतात. पट्ट्यांस ओळीनें भोंकें पाडून त्या रेशमी गोफांनीं एकमेकींस व वरच्या रांगेस खालची रांग अशा रीतीनें ओंवितात. छातीभोंवतीं दो, कमरेखालीं लोंबणाऱ्या झालरी, खांद्यांवर चौकोनी ढालींसारख्या सोदे, डोक्यावर काबुतो आणि त्याला मानेवर उतरणारी पट्ट्यांची झांकण, असा हा संच असतो. पुष्कळ जोडांत तोंडावर लोखंडी मुखवटाहि असतो.

याच्या शेजारीं आमच्याकडील सतराव्या शतकाचें चिलखत ठेवून पाहावें. त्याचा पाया कड्यांत कडें गुंतवून केलेली लोखंडी जाळी, म्हणजे जिरह, हा आहे. जाळीतच पत्रे बसविले कीं बख्तर होतें. छाती, पाठ व दोन्ही कुशी यांवर चार पोलादी पत्रे बांधले कीं चार-आईना होतो. हातांस दस्ताने, डोक्यास पोलादी टोप, त्याच्या पुढें वरखालीं सरकणारी नाकपट्टी आणि मागें कड्यांची झालर. गरीब शिपायासाठीं रुई भरून शिवलेला जाड अंगरखा. जिरेटोप या शब्दांतील ‘जिरे’ हें याच जिरहेचें रूप आहे. आज तो शब्द चित्रांतल्या वस्त्राच्या शिरोभूषणासहि लावितात, हें एका परीनें चिठ्ठी सरकल्याचेंच उदाहरण होय. जपानी चिलखताच्या बाह्यांतहि कड्यांची जाळी सांपडते; तेव्हां नुसत्या जाळीवरून निर्णय करतां येणार नाहीं. परंतु रोगण चढविलेल्या पट्ट्या आणि त्यांची रेशमी ओंवणी हीं दोन लक्षणें एकत्र दिसलीं म्हणजे मोगल शिलेखान्याशीं त्या वस्तूचा संबंध जोडणें अशक्य व्हावें. डोळ्यांपुढें एवढा पुरावा असतां चिठ्ठी टिकली, कारण पाहणाऱ्यांनीं ती आधीं वाचली आणि चिलखत नंतर पाहिलें.

ही चूक निव्वळ आळसाची नव्हती. तिला कारण होतें. जपानांतील इंग्रजांची वखार १६२३ सालीं उठली आणि पुढें त्या देशाचे दरवाजे इंग्रजांस बंद झाले. उलट हिंदुस्थानाशीं त्यांचा संबंध वाढत गेला. सर टॉमस रो हा जेम्स राजाचा वकील १६१५ ते १६१९ या काळांत जहांगीर बादशहाच्या दरबारीं राहून गेला. त्याची वकिली लंडनांत सर्वतोमुखीं झाली. दोन्ही व्यवहार एकाच कंपनीचे, समुद्रमार्ग बराचसा एकच, आणि राजाहि तोच. हिदेतादाचें नांव विसरलें गेलें आणि पूर्वेकडील जें कांहीं भारी व अपरिचित असेल त्याला ‘मोगल’ हें एकच नांव उरलें. आमच्या मतें कारकुनानें मुद्दाम खोटें लिहिलें नाहीं. जें नांव त्याला ठाऊक होतें तें त्यानें लिहिलें. चिठ्ठीवरून वस्तूची ओळख पटो वा न पटो, चिठ्ठी लिहिणारास किती माहिती होती हें मात्र तिजवरून निश्चित कळतें.

हेंच ‘मोगल’ हें नांव दुसऱ्या एका चिठ्ठीवर पडलें आहे, आणि ती आमच्या अगदीं जिव्हाळ्याच्या विषयाची आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जेम्स ग्रँट डफ याच्या वंशजांकडून १९७१ सालीं तेथें आलीं. त्यांच्या पेटीवर इंग्रजी लेख आहे. त्याचा आशय असा कीं, शिवाजीनें ज्यानें मोगल सेनापतीस मारिलें तें हें वाघनख होय, आणि ग्रँट डफ सातारा येथें रेसिडेंट असतांना पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें तें त्यास दिलें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं मारला गेलेला अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. मोगलांचा सेनापति नव्हे, हें मराठी शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. खुद्द ग्रँट डफ यास तें पक्कें ठाऊक होतें. १८२६ सालीं छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासांत खान विजापूरचा म्हणूनच येतो. यावरून पेटीवरील मजकूर त्याच्या स्वतःच्या लेखणीचा नसावा, असें अनुमान आम्ही करतों. विलायतेंत, ज्यास पूर्वेकडील प्रत्येक शत्रु मोगल वाटे अशा कोणा दुसऱ्याच्या हातचा तो असावा. लेखांतील दुसरें विधानहि जपून घ्यावें लागतें. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्यें मालकमच्या स्वाधीन झाला आणि त्याच सुमारास ग्रँट डफचा साताऱ्यांतील अंमल सुरू झाला. मग पेशव्यांच्या प्रधानानें ती वस्तु त्यास दिली ती कोणत्या प्रसंगीं, आणि ती प्रधानाकडे कशी आली, याचा पेटीवर पत्ता नाहीं.

हीं वाघनखें तीन वर्षांच्या मुदतीनें महाराष्ट्रांत आणण्यांत आलीं आणि १९ जुलै २०२४ पासून सातारच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत लोकांनीं तीं पाहिलीं. त्या वेळीं जो वाद झाला त्यांत दोन पक्ष होते, आणि दोहोंची तर्कसरणी आम्हांस सदोष वाटते. एक पक्ष म्हणाला : पेटीवर लिहिलें आहे, तेव्हां हीं तींच. दुसऱ्या पक्षांतील कांहीं म्हणाले : पेटीवरील मजकूर चुकीचा आहे, तेव्हां हीं तीं नव्हेत. टॉवरमधील चिलखताचा उपयोग येथें होतो. त्याची चिठ्ठी साफ खोटी होती; तरीहि वस्तु खरोखरच राजास आलेला शाही नजराणा होती. चिठ्ठी खोटी ठरली म्हणजे वस्तु खोटी ठरत नाहीं. एवढेंच होतें कीं त्या वस्तूच्या बाजूनें उभा असलेला एक साक्षीदार बाद होतो. मग दुसरे साक्षीदार शोधावे लागतात. चिलखताच्या बाजूनें सॅरिसचा समकालीन वृत्तांत उभा राहिला आणि त्याची बांधणी उभी राहिली. वाघनखांच्या बाजूनें असा समकालीन कागद पुढें आलेला नाहीं. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची. ती महाराजांच्या हातीं वाघनख व बिचवा होता असें सांगते, परंतु तीं शस्त्रें पुढें कोणाकडे गेलीं हें सांगत नाहीं. हींच तीं वाघनखें होत हें पडताळून पाहणें शक्य झालेलें नाहीं, असें लंडनचें संग्रहालय स्वतःच सांगतें. त्याची ही भूमिका आम्हांस योग्य वाटते, आणि तीत महाराजांच्या कीर्तीस तिळमात्र उणेपणा येत नाहीं. प्रतापगडचा पराक्रम पेटींतल्या चार पोलादी नखांवर अवलंबून नाहीं.

आतां याच्या उलट बाजूचें, बऱ्या साखळीचें उदाहरण घेऊं. प्रिन्स ऑफ वेल्स, पुढें सातवा एडवर्ड, हा १८७५-७६ सालीं हिंदुस्थानांत आला असतां कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांजकडून त्यास एक तलवार नजर झाली. ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहांत आहे आणि ‘जगदंबा’ या नांवानें आपल्याकडे प्रसिद्ध आहे. येथें देणारा कोण, घेणारा कोण, प्रसंग कोणता आणि वर्ष कोणतें, हें सर्व निश्चित आहे. वाघनखांच्या पेटीपेक्षां ही साखळी कितीतरी मजबूत. तरीहि संशोधकानें ध्यानांत ठेवावें कीं ही साखळी १८७५ पासून पुढची आहे. तलवार थोरल्या महाराजांची हा त्यामागील कड्यांचा प्रश्न असून त्याचा निर्णय कोल्हापूरच्या दप्तरांतील शिलेखान्याच्या नोंदींनीं आणि पात्याच्या परीक्षेनें व्हावयाचा आहे. पुढील कडीं पक्कीं आहेत म्हणून मागील कडीं आपोआप पक्कीं होत नाहींत.

कोल्हापुरांतच परदेशी वस्तूची ओळख चिठ्ठीवांचून कशी पटते याचाहि दाखला आहे. पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेंकाडांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांशाची मूर्ति आणि रोमन धर्तीचीं भांडीं सांपडलीं. मूर्ति आज टाऊन हॉलमधील संग्रहालयाचें भूषण आहे. तिच्यावर कोणाचें नांव नव्हतें, कोणी कथा सांगितली नव्हती. तिची घडण, तिचा धातु, तिच्यासोबत निघालेल्या वस्तु आणि १९४५-४६ सालीं त्या टेंकाडाच्या उत्खननांतून कळलेला सातवाहनकालीन वस्तीचा इतिहास यांवरून विद्वानांनीं ती पश्चिमेकडून व्यापाराच्या ओघांत आलेली म्हणून ओळखली. लंडनच्या चिलखतास चिठ्ठी होती आणि ओळख चुकली. ब्रह्मपुरीच्या मूर्तीस चिठ्ठी नव्हती आणि ओळख पटली.

हा विचार आम्हीं गडहिंग्लजच्या परिसरास लावून पाहिला पाहिजे, कारण दुसऱ्याच्या शिलेखान्याची झडती घेणें सोपें असतें. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनौबत प्रतापराव गुजर नेसरीनजीक बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थीं पडले. या घटनेस समकालीन आधार आहे. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी यानें रायगडाहून ४ एप्रिल १६७४ रोजीं मुंबईस लिहिलेल्या पत्रांत दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेंत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले असें आहे. पुण्यास १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या शिवकालीन इंग्रजी पत्रसंग्रहामुळें हें पत्र सर्वांस उपलब्ध झालें. त्यांत संख्या आहे. सहा जणांचीं नांवें नाहींत. आज सर्वत्र जी सहा नांवांची यादी म्हटली जाते ती या पत्रांतून आलेली नव्हे. आम्ही ती यादी खोटी म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं संख्या एका साक्षीदाराची आहे आणि नांवें दुसऱ्याची. दोन्ही एकाच शिळेवर कोरतांना कोणती गोष्ट कोठून घेतली हें सांगावें. सात वीर पडले हें खरें असतां त्यांच्या नांवांबद्दल घाई केली, तर ज्यांचीं नांवें खरोखर राहून गेलीं असतील त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. या विषयांतील खरी जोखीम हीच आहे. चुकीची चिठ्ठी केवळ अज्ञान दाखवीत नाहीं. ती योग्य माणसाची जागा अडविते. ‘थोर मोगल’ लिहिलें गेलें म्हणून हिदेतादा आणि इवाई योझाएमोन हे दोघेहि दीर्घकाळ आपल्याच चिलखतावरून पुसले गेले.

जुन्या घरांतील शस्त्रांची स्थिति याहून नाजूक आहे. जपानांत १८७६ सालीं तलवार लावून हिंडण्यास बंदी झाली आणि तिकडील सामुराई घराण्यांचीं चिलखतें व तलवारी युरोपच्या बाजारांत गेल्या. आमच्याकडे दोनच वर्षांनीं, १८७८ सालीं, हत्यारांचा कायदा आला आणि परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरला. त्याआधीं १८४४ सालीं याच तालुक्यांतील सामानगडावर गडकऱ्यांनीं उठाव केला होता. तो मोडल्यावर गडावरील शिबंदी पांगली आणि तिच्या शस्त्रांचीहि वाताहत झाली. अशा काळांत जीं शस्त्रें माळ्यावर, देव्हाऱ्यामागें किंवा भिंतींत राहिलीं तीं कागदावांचून राहिलीं. वडिलांनीं मुलास सांगितलेली हकीकत हीच त्यांची चिठ्ठी. ती हकीकत तुच्छ मानूं नये आणि पुरावाहि मानूं नये. ती कोणीं, कोणाकडून ऐकून, केव्हां सांगितली एवढें टिपून ठेवावें.

म्हणून संग्राहकांस आमच्या चार सूचना आहेत. पहिली : जुनी चिठ्ठी, ती उघड चुकीची असली तरी, काढून टाकूं नये. टॉवरची ‘मोगल’ नोंद राहिली म्हणूनच तो नजराणा लंडनांत कोणत्या काळीं कसा समजला जात होता हें आज कळतें. दुसरी : नवी चिठ्ठी जुनीवर चिकटवूं नये, शेजारीं ठेवावी आणि तीवर तारीख घालावी. तिसरी : वस्तु कशी बनविली आहे, वजन किती, घडण कोणती, दुरुस्ती कोठें झाली, हें आधीं लिहावें आणि ती कोणाची म्हणतात हें नंतर. चौथी : ‘म्हणतात’ आणि ‘आहे’ या दोन क्रियापदांची अदलाबदल कधींहि होऊं देऊं नये. पहिल्या तीन सूचना हातांनीं पाळावयाच्या आहेत. चौथी मनानें पाळावयाची असल्यामुळें तीच सर्वांत कठीण आहे.

राहतां राहिला आजच्या मांडणीचा प्रश्न. हीं दोन्ही चिलखतें आतां रॉयल आर्मरीज या संस्थेकडे आहेत आणि हिदेतादाचा नजराणा म्हणूनच तीं ओळखलीं जातात. पूर्वीची चूक दुरुस्त झाली. परंतु सामुराईचें चिलखत म्हटलें कीं पाहणाराच्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें, आणि येथेंहि वस्तु दुसरेंच सांगते. डोमारू ही बांधणी १६१३ मध्यें जपानांतहि जुनी झालेली होती. बंदुकीच्या लढाईसाठीं अधिक साधीं व भक्कम चिलखतें तेव्हां प्रचारांत होतीं. जुन्या शोभिवंत पद्धतीचा जोड परराष्ट्राच्या राजास पाठविला तो लढण्यासाठीं नव्हे, तर आपल्या घराण्याची प्रतिष्ठा दाखविण्यासाठीं. तेव्हां हें चिलखत वाचावयाचें तें खलित्यासारखें, शस्त्रासारखें नव्हे. बरोबर नांव लिहिल्यानें चिठ्ठीचें अर्धें काम होतें. ती वस्तु कशासाठीं केली होती हें सांगितल्यावर तें पुरें होतें. आमच्याकडील संग्रहालयांतून पेटीपेटीवर ‘मराठा चिलखत’, ‘मोगल चिलखत’ एवढ्याच चिठ्ठ्या जेथें असतील, तेथें हें उरलेलें अर्धें काम अद्याप व्हावयाचें आहे, आणि तें करण्यास या त्रैमासिकाच्या वाचकांहून अधिक लायक मंडळी आम्हांस दिसत नाहींत.